भुंग्याच्या मुळावर उठलेल्या बाई

बाईंची आणि माझी ओळख झाली ती एका स्पंजमुळे.

ओमानमधल्या इब्रीच्या शाळेत गणित शिकवायला म्हणून मी पुण्याहून आले, तेव्हा शाळेने माझी सोय जीवशास्त्राच्या बाईंबरोबर केली होती. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि चारी बाजूंनी घरमालकाची खजुराची बाग. मी पोचले तेव्हा बाई शाळेत होत्या. प्रवासात माझ्या डब्याला लोणच्याचं तेल लागलेलं होतं आणि ते मला चैन पडू देत नव्हतं. ओट्यावर घासणी दिसेना. फ्रीज उघडला, तर भाजीच्या कप्प्यात एका डब्यात ओला, स्वच्छ, पिवळा स्पंज. इथल्या उकाड्यात स्पंजसुद्धा फ्रीजमध्ये ठेवत असतील, असं वाटून मी तो घेतला, त्यावर साबण ओतला आणि डबा, झाकण, चमचा सगळं लख्ख घासून काढलं.

दुपारी बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, काटकुळी, उंच बाई. ओढणी डोक्यावरून गुंडाळलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. त्यांचं लक्ष थेट नळाजवळ पिळून ठेवलेल्या स्पंजकडे गेलं.

"यानं काय केलंस?"

"डबा घासला."

"साबणानं?"

"हो. का?"

बाई खुर्चीवर बसल्या. "अगो बाय, लाखांनी होती गं मंडळी त्यात. एका लोणच्याच्या डब्यापायी सगळी गेली."

मला आधी वाटलं, बाईंना ऊन बाधलं असेल. पण मग त्यांनी मला उठवून मोरीच्या जाळीपाशी उभं केलं आणि 'माफ करा' म्हणायला लावलं. मी म्हटलंही. चौतिसाव्या वर्षी, एम. एस्सी. गणित, नवऱ्याला दुक्मच्या साइटवर आणि मुलाला सासूकडे ठेवून परमुलखात आलेली मी, मोरीच्या जाळीला 'माफ करा' म्हणाले. पुढची तीन वर्षं मी त्या बाईंचं सगळं ऐकत गेले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

मंडळी म्हणजे सूत्रकृमी. दोऱ्याच्या तुसापेक्षाही बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे. पण 'किडे' म्हटलेलं बाईंना खपत नसे. "किड्याला पाय असतात. यांना नसतात. तरी बघ कुठे कुठे पोचतात," असं म्हणायच्या.

बाई श्रीवर्धनकडच्या. वडिलांची नारळीपोफळीची वाडी होती, आणि त्या वाडीतला सोंड्या भुंगा हा त्यांचा वडिलोपार्जित शत्रू. तांबूस रंगाचा, पुढे सोंड असलेला हा भुंगा माडाच्या बुंध्यात अंडी घालतो, त्याची अळी आतून झाड पोखरते, आणि बाहेरून झाड हिरवंगार दिसत असतानाच आतून त्याचा भुसा झालेला असतो. वडील लोखंडी आकडा खुपसून एकेक अळी ओढून काढायचे. एक काढली तर आत दहा. बाई सातवीत असताना वाडीतले निम्मे माड गेले. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "आमचा बाबा रडला नाय. फक्त त्या सालापास्नं नारळाची चटणी खायचा बंद झाला." एरवी त्यांचं मराठी शाळेतलं, धुतल्यासारखं असे, गाव आठवलं की 'नाही'चं 'नाय' व्हायचं.

तर इतकी वर्षं नोकरी करत, आखाती शाळा बदलत त्या इब्रीला आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात खजुराच्या बुंध्यावर त्यांना तोच भुंगा भेटला.

"आपल्याकडचाच आहे हा," त्या मला सांगत. "आपल्यासारखाच पोटासाठी इकडे आला. फक्त व्हिसा न काढता. आता आपल्या माणसानं परक्याच्या घरात जाऊन घाण केली, तर ती निस्तरायची कुणी?"

निस्तरणारी मंडळी त्यांनी आयात केली नव्हती. फलजच्या, म्हणजे इथल्या पाटाच्या काठची ओली माती त्यांनी बरणीत भरून आणली, त्यात मेणकिड्याच्या अळ्या सोडल्या आणि वाट पाहिली. चार दिवसांनी एक अळी मेली आणि विटेसारखी लाल झाली, म्हणजे अळीला मारणारी मंडळी त्या मातीत होती. बाईंनी त्या आनंदात शेजारीपाजारी शिरा वाटला. कशाबद्दल, ते कुणालाच नीट कळलं नाही. मुलगा झाल्याच्या थाटात वाटला, असं म्हणतात.

मेणकिड्याच्या अळ्या मिळवणं हाही एक प्रकार होता. मधमाश्यांचं पोळं सडलं की त्यात हा किडा पडतो. बाई डोंगरापलीकडच्या मधवाल्याकडे जात आणि "चांगला मध नको, किडलेलं पोळं दे" असं म्हणत. तो बिचारा अख्ख्या बाजारात सांगत सुटला की शाळेतली एक बाई वेडी आहे, पण स्वभावाने चांगली आहे.

माझा नवरा दुक्महून महिन्यातून एकदा यायचा. आठ तास गाडी चालवून आलेला, भुकेला. पहिल्याच खेपेला त्याने फडताळातला स्टीलचा डबा उघडला, आत मधाचं पोळं दिसलं, आणि त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावता चावता उरलेला तुकडा हलताना त्याला दिसला. मी पाणी घेऊन धावले. बाई शांतपणे डब्यात डोकावल्या आणि मोजून म्हणाल्या, "सहा होत्या. पाच उरल्या. भाऊ, हरकत नाही, प्रोटीन आहे. पण गोळी घ्या, कारण सगळ्यांत लठ्ठ तीच होती." पुढची दोन वर्षं तो आमच्याकडे स्वतःचा डबा घेऊन यायचा आणि त्याच्यावर बसूनच बोलायचा.

शाळेत बाईंचा तास म्हणजे पोरांची चंगळ. "कुणाकडे जेवायला जायचं तर स्वयंपाकी बरोबर न्यावा," अशी त्या सुरुवात करायच्या, अर्थात इंग्रजीत. "मंडळी अळीच्या तोंडातून, नाही तर श्वासाच्या भोकातून आत शिरतात. पोटात जिवाणू घेऊन गेलेली असतात, तो त्यांचा स्वयंपाकी. आत गेल्या गेल्या तो कामाला लागतो. दोन दिवसांत यजमान खलास. मग पंधरा दिवस पंगत. तिथेच लग्नं, तिथेच मुलंबाळं. सगळं संपलं की लाखभर पाहुणे ताट धुऊन पुढच्या घरी." आठवीच्या काही आयांनी तक्रार केली की मुलं पाहुण्यांसमोर जेवायला तयार होत नाहीत.

मुंबईकडची एक मुलगी होती वर्गात. आपापसांत सगळी इंग्रजीच बोलायची, पण बाईंशी ती मुद्दाम मराठीत बोलायचा प्रयत्न करी. तिने विचारलं, "मिस, पण मग त्या अळीला... तिला दुखते?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "दुखत असेल," त्या म्हणाल्या. "झाडालाही दुखत असेल. पण झाडाबद्दल विचारायला कुणी हात वर करत नाही गं."

प्रिन्सिपॉल सर केरळचे, अतिशय सज्जन आणि अतिशय घाबरट. बाईंच्या बाबतीत 'दिसलं नाही तर बरं' असं त्यांचं धोरण होतं. पण एकदा त्यांना दिसलंच.

झालं असं, की बाईंनी मला मोकळ्या तासाला ओढत प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत नेलं. बिनखिडकीची, जेमतेम कपाटाएवढी खोली. आत मानवी सांगाडा टांगलेला. बाईंनी दार लावलं आणि दाराखालच्या फटीत आपली ओढणी कोंबली.

"आता दहा मिनिटं गप्प बस. डोळे अंधाराला सरावू देत."

"काय बघायचंय?"

"गप्प."

आम्ही बसलो. बाई, मी आणि सांगाडा. बाईंच्या हातात बशी, बशीत मेलेल्या लाल अळ्या. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग मला वाटलं आपल्याला भास होतोय. बशीत काहीतरी उजळत होतं. निळसर, हिरवट, अगदी मंद. त्या स्वयंपाकी जिवाणूंना स्वतःचा उजेड असतो, हे बाईंनी मला कानात सांगितलं. मी आयुष्यात इतकी सुंदर मेलेली वस्तू पाहिली नव्हती.

आणि धाडकन दार उघडलं. दारात प्रिन्सिपॉल सर. आत आम्ही दोघी एकमेकींना चिकटून बसलेल्या आणि आमच्या डोक्यावर सांगाडा.

"मॅडम?" सर म्हणाले.

"दार लावा सर, उजेड येतोय," बाई म्हणाल्या.

सरांनी दार लावलं! बाहेरून. इतकी जरब होती बाईंच्या आवाजात. मग बहुधा त्यांच्या लक्षात आलं की शाळा आपली आहे. त्यांनी टकटक केलं.

"यायचं तर आत या, पण बोलायचं नाही," बाई आतून म्हणाल्या.

सर आले. बूट काढून आले, का ते त्यांनाच ठाऊक. एका रिकाम्या खोक्यावर बसले. पाच-सात मिनिटांनी अंधारात त्यांचा आवाज आला, अगदी हळू, मल्याळममध्ये. एकच शब्द. अर्थ आम्हाला कळला नाही, पण सूर कळला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : शिक्षकवर्गाने सामानाच्या खोलीत बसू नये. खाली सही सरांची. मी मात्र त्यानंतर दोनदा त्यांना त्या खोलीतून एकटेच बाहेर येताना पाहिलं.

बाईंना गावी परत जाऊन आता दोन वर्षं झाली. वयाचा नियम होता, करार वाढला नाही. सामान बांधताना मी म्हटलं, "बाई, एक डबी मंडळी बरोबर न्या ना गावाला. वाडीत सोडा." मला वाटलं खूश होतील. त्या इतक्या चिडल्या की हातातली उशी त्यांनी माझ्यावर फेकली. "इथली ती इथली. तपासणी नाय, परवानगी नाय, पर्समधून घेऊन जाऊ? असंच कुणीतरी रोपांबरोबर तो सोंड्या आणला इकडे. शिकलेली ना तू?" मग उशी उचलून, झटकून, पुन्हा बॅगेत भरताना म्हणाल्या, "आमच्या वाडीतल्या मातीत पण असतील. शोधायला पायजेत. तिथं मी होते कुठे शोधायला?"

आता त्या शोधतायत. व्हॉट्सअॅपवर बरण्यांचे फोटो येतात.

पण मला बाई आठवतात त्या एका एप्रिलमधल्या. तेवढं सांगते.

आमच्या स्वयंपाकघराला लागून एक खजुराचं झाड होतं. जुनं, उंच, आणि अर्बाबचं लाडकं. अर्बाब म्हणजे आमचे घरमालक, सत्तरीचे, पांढरीशुभ्र दाढी, पूर्वी बाजारात दुकान होतं म्हणून हिंदी बोलणारे. त्या झाडाच्या खजुराची जात 'खलास'. सगळ्यांत गोड. इथे 'संपलं' यालाही खलासच म्हणतात, त्यामुळे मी नवीन असताना ते जेव्हा ताट पुढे करून "खलास, खलास" म्हणायचे, तेव्हा मी मुकाट्याने हात मागे घ्यायची.

एका संध्याकाळी बाईंना त्या बुंध्यावर चिकट, तपकिरी ओघळ दिसला. त्यांनी वास घेतला. मग आतून स्टेथोस्कोप आणला. हा त्यांच्या डॉक्टर भावाचा जुना, कायम त्यांच्या पर्समध्ये असे. बुंध्याला लावून डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या, आणि मग एक नळी माझ्या कानात घातली. आत कुणीतरी वाळलेली भाकरी खात होतं. कर्र. कर्र. थांबून पुन्हा कर्र.

अर्बाबना बोलावलं. त्यांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. "काटना पडेगा," ते म्हणाले. "इधर गिरेगा तो घर पे गिरेगा."

"पंद्रह दिन दो, अर्बाब," बाई म्हणाल्या. "अंदर दवा डालती मैं. जिंदा दवा."

मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, ते बरोबर बोलतायत. झाड माझ्या खोलीकडे झुकलंय. मला मुलगा आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझी गादी, माझं कपाट, मुलाचा फोटो, सगळं त्यांच्या खोलीत मांडलेलं, आणि त्या माझ्या खोलीत, झाडाच्या बाजूला, खाटेवर बसून वह्या तपासतायत. "या खोलीत वारा चांगला येतो," म्हणाल्या.

मग रोज सूर्य कलला की कार्यक्रम. ऊन मंडळींना सोसत नाही. अर्बाब स्वतः ड्रिलने बुंध्याला भोकं पाडायचे, बाई मोठ्या सिरिंजने त्यात मंडळींचं पाणी सोडायच्या, वरून ओल्या मातीचं बूच, आणि बुंध्याला ओली गोणपाटं गुंडाळायची. अर्बाब दर सिरिंजला "बिस्मिल्ला" म्हणायचे. मी लांब उभी राहून नाक मुरडायची. गोणपाटाला मी एकदाही हात लावला नाही.

आठव्या दिवशी कर्र कर्र कमी झाली. बाराव्या दिवशी बाईंनी अर्धा तास ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या. "आवाज बंद!" अर्बाबनी ऐकलं, आणि त्या सत्तरीच्या माणसाने चक्क टाळी वाजवली. "मुदर्रिसा, शाबाश!" मुदर्रिसा म्हणजे शाळेतल्या बाईच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून वारा सुटला. धुळीचा, पिवळा. सुट्टीचा दिवस, मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. बाई बाहेर होत्या, त्या वाऱ्यात, डोक्याला ओढणी बांधून, झाडाला स्टेथोस्कोप लावून. खिडकीतून मला दिसत होत्या. आणि एकाएकी त्यांनी कानांतल्या नळ्या अशा काढून फेकल्या की जणू चटका बसला; आत बुंधा तडकताना त्यांनी ऐकला होता.

पुढचं फार भराभर झालं. मागचं दार उघडलं. बाई आत. "चल!" मी म्हटलं, "पोहे..." तेवढंच. त्यांनी माझी वेणी धरली. हात नाही, दंड नाही, वेणी, आणि मला फरफटत पुढच्या दाराने अंगणात ओढून नेलं. मी ओरडत होते ते वेणीसाठी. तेवढ्यात मागे असा आवाज झाला की पायांखालची जमीन उडाली.

धूळ बसली तेव्हा स्वयंपाकघराचा कोपरा नव्हता. तिथे झाड आडवं होतं. बाईंच्या, म्हणजे माझ्या, खोलीची अर्धी भिंत खाटेवर होती. बाईंच्या मुठीत अजून माझी वेणी होती. त्यांना ती सोडायचं सुचत नव्हतं.

अर्बाब अनवाणी धावत आले. आम्ही दोघी उभ्या आहोत हे पाहून त्यांनी आधी आकाशाकडे हात केले. मग झाडाकडे वळले. बुंधा मधोमध फाटला होता. आत भुसा, बोगदे, आणि प्रत्येक बोगद्यात अंगठ्याएवढी अळी. सगळ्या मेलेल्या. सगळ्या विटेसारख्या लाल. अर्बाबनी काडीने एकेक उलटून पाहिली. एकही हलेना. मग म्हणाले,

"मुदर्रिसा. कीड़ा खलास." थोडं थांबून, "नखल भी खलास."

नखल म्हणजे झाड. मला हसू फुटलं. भीतीचं हसू, थांबेना. अर्बाबही हसायला लागले, दाढी हलेपर्यंत. बाई हसल्या नाहीत. त्या त्या आडव्या बुंध्यावर बसल्या, एक लाल अळी तळहातावर घेऊन.

"मंडळींनी काम चोख केलं," त्या म्हणाल्या. "मलाच उशीर झाला. तीन वर्षं रोज या झाडाखालून जात होते मी. एकदा कान लावला नाय." मग माझ्याकडे न बघता, "आणि तुला ठेवलं मी त्या ओट्यापाशी. तुझं बरोबर होतं, बाय. पडणारं झाड पाडायला हवं होतं."

बाईंच्या तोंडून 'तुझं बरोबर होतं' मी त्याआधी आणि त्यानंतरही ऐकलेलं नाही. मला ते आवडलं नाही.

अर्बाब तोवर कुऱ्हाड घेऊन झाडाच्या शेंड्याकडे गेले होते. झावळ्या तोडून त्यांनी आतला गाभा काढला. शुभ्र, ओलसर, मुलाच्या दंडाएवढा. किडीने तिथवर मजल मारली नव्हती. खजूर पडला की त्याचा हा गाभा खायचा, अशी इथली रीत. त्यांनी सुरीने काप केले, पहिला बाईंसमोर धरला.

बाईंनी खाल्ला. चावत राहिल्या. मग मीही घेतला. कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखा लागत होता, थोडा तुरट.

"बाई," मी विचारलं, "यात मंडळी नसतील ना?"

"असतील तर असतील. तू अळी आहेस का?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला परत आल्यासारखा वाटला.

अर्बाबनी तोंड पुसलं आणि कुऱ्हाडीचा दांडा बागेकडे रोखला. "वो वाला," ते म्हणाले, "वो भी सुनना है. और वो पीछे वाला. और कुएँ के पास तीन. यल्ला, चलो, मुदर्रिसा."

बाई तोंडात घास धरून प्रत्येक झाडाला मान डोलवत होत्या. मी केसांतला चुना झटकला, बादली भरली आणि गोणपाटं भिजत घातली.